वजन उतरवणारं इंजेक्शन सुरू करताय? मग चेहऱ्याचा विचार आधीच करा

मौंजारो हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, त्याच वर्षी जूनमध्ये वेगोवी. तेव्हापासून कोल्हापुरात लग्नाच्या जेवणावळीत एक संवाद हमखास कानावर पडतो. "काय गा, लई वाळलास! बरं हाय न्हवं?" समोरचा पंधरा-वीस किलो उतरवून खुशीत असतो. साखर आटोक्यात आलेली असते, गुडघा कुरकुरायचा थांबलेला असतो, जुना सदरा पुन्हा अंगात बसायला लागलेला असतो. आणि या एका वाक्यानं तो घरी जाऊन आरशासमोर उभा राहतो. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली खळगे, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ खोल गेलेली, हनुवटीखालची कातडी सैल.

हा लेख त्याच्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त तो अजून पहिलं इंजेक्शन न घेतलेल्यांसाठी आहे. चेहऱ्यासाठी जे काही करता येतं त्यातलं बरंचसं सुरुवातीला करायचं असतं आणि ते स्वस्त असतं. मागाहून करायचं ते महाग पडतं.

नेमकं होतं काय

औषध चेहरा खात नाही. वेगोवी आणि ओझेंपिकमधलं सेमाग्लुटाइड काय किंवा मौंजारोमधलं टिर्झेपेटाइड काय, दोन्ही भूक मारतात आणि जठर सावकाश रिकामं होऊ देतात. माणूस कमी खातो, चरबी उतरते. ती पोटाची तेवढी उतरावी आणि गालाची राहावी, अशी सोय शरीरात नाही. कडक उपासमार करून किंवा जठराचं ऑपरेशन करून वजन उतरवलेल्यांचा चेहराही असाच दिसतो. फक्त इंजेक्शन घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढल्यामुळे आता तो सगळ्यांच्या नजरेत भरतोय.

चेहऱ्यातली चरबी हा एकसंध थर नसतो. रॉड रोरिक आणि जोएल पेसा या दोन शल्यचिकित्सकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की ती वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असते: गालाचे कप्पे वेगळे, कानशिलाचा वेगळा, डोळ्याखालचा वेगळा. हे कप्पे रिकामे झाले की वरची कातडी, कापूस काढलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी, लोंबते. कातडी किती आवळून येईल ते तिच्यातल्या कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंवर ठरतं. पंचविशीतल्या मुलाची बऱ्यापैकी येते. पन्नाशीतल्या, आयुष्यभर उन्हात स्कूटर चालवलेल्या किंवा शेतात राबलेल्या आणि वर तंबाखूची सवय असलेल्या माणसाची तेवढी येत नाही. ज्याचे गाल मुळातच पातळ, त्याला फरक जास्त जाणवतो.

वेगोवीच्या मुख्य चाचणीत १,९६१ जण होते आणि त्यातल्या औषध घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटलं. टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. म्हणजे ९५ किलोच्या माणसाचे चौदा ते वीस किलो. एवढं उतरल्यावर चेहरा पहिल्यासारखाच राहील असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. बदल होणारच. तो कितपत व्हावा, एवढंच आपल्या हातात असतं.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी

फोटो काढून ठेवा. सकाळी, खिडकीकडे तोंड करून, दिवा न लावता. समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक. मोबाईलमधला ब्यूटी मोड बंद करा. सेल्फी नको, कारण जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि गाल अरुंद दिसतात. घरातल्या कुणाला तरी चार-पाच फुटांवर उभं करून काढून घ्या. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा. रोज आरशात बघणाऱ्याला एक तर काहीच बदल दिसत नाही, नाहीतर नसलेलाही दिसतो. पुढे डॉक्टरांना दाखवायलाही हेच फोटो उपयोगी पडतात.

रक्ताच्या तपासण्यांत साखर, थायरॉईड आणि क्रिएटिनिनबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्यायला सांगा. आधीच कमी असलेलं लोह खाणं घटल्यावर आणखी घटतं, मग चेहरा फिका पडतो आणि केस गळतात. त्याचा दोष इंजेक्शनवर जातो.

दातांच्या डॉक्टरकडेही एक चक्कर मारा, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मागच्या दाढा पडलेल्या असतील तर गालाला आतून आधार नसतो, आणि चरबी उतरली की तिथंच खड्डा पडतो. कवळी असेल तर वजन घटल्यावर ती सैल होऊ शकते.

औषध मात्र डॉक्टरांनी तपासून, चिठ्ठी लिहून दिल्यावरच. जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून "निम्म्या किमतीत" मिळणाऱ्या इंजेक्शनच्या पेनच्या वाटेला जाऊ नका. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईडचा कर्करोग झाला असेल, तुम्हाला पूर्वी स्वादुपिंडाची सूज आली असेल किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा असेल, तर ते आधी सांगायचं. मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या स्त्रियांना सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि टिर्झेपेटाइड चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. हेही पहिल्याच भेटीत बोलून घ्या.

वेगाला लगाम

वेगोवी आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढत २.४ पर्यंत जातं. मौंजारो २.५ पासून सुरू होतं आणि जास्तीत जास्त १५ पर्यंत. ही जास्तीत जास्तची मर्यादा आहे, तिथवर पोचलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे घाई फार. "दिवाळीच्या आत दहा किलो" असा बेत करूनच माणूस डॉक्टरकडे जातो.

साधारण हिशेब असा ठेवा: आठवड्याला अर्धा ते एक किलो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाण्याचं वजन पडतं, ते सोडून द्या. त्यानंतरही आठवड्यामागून आठवडे दीड-दोन किलो जात असतील, किंवा दिवसाकाठी दोन घासांवर भागत असेल, तर पुढचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा की आहे त्याच पायरीवर आणखी महिना-दोन महिने राहता येईल का. बहुतेक वेळा येतं. डोस आपल्या मनानं कमी-जास्त करू नका किंवा अधूनमधून चुकवू नका. काही आठवडे खंड पडल्यावर एकदम जुन्या डोसवर गेलं तर उलट्यांनी बेजार व्हायला होतं.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं घटल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही "अशक्तपणा आलाय" म्हणून सोडून द्यायची लक्षणं नव्हेत.

ताटात काय असावं

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. भूक नसते, म्हणून माणूस चहाबरोबर दोन बिस्किटं खातो, दुपारी चार घास भात खातो आणि "झालं पोट" म्हणतो. वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. वेगोवीच्या त्याच चाचणीतल्या काही जणांचं शरीर चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणाऱ्या डेक्सा यंत्रावर तपासलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. मान, खांदे, दंड उतरले की माणूस बारीक दिसण्याऐवजी आजारी दिसतो, आणि तसा दिसणारा चेहरा आपोआप दहा वर्षांनी म्हातारा वाटतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं निरोगी माणसासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितलेली आहेत. वजन उतरवताना आहारतज्ज्ञ ती १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत न्यायला सांगतात. तुमचं जे वजन असायला हवं ते ६५ किलो धरलं, तर दिवसाला किमान ८० ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

८० ग्रॅम ऐकायला फार वाटतात, पण मांडणी करून बघा. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध, म्हणजे १९. दुपारी मटकीची घट्ट उसळ एक वाटी आणि वाटीभर दही, साधारण १३. संध्याकाळी मूठभर भाजके शेंगदाणे, ७. रात्री १०० ग्रॅम चिकन, २५. दोन्ही वेळची मिळून दोन ज्वारीच्या भाकरी, १०. हे झाले ७४. राहिलेले पनीरच्या दोन-तीन तुकड्यांत निघतात. शाकाहारी माणसानं चिकनच्या जागी ५० ग्रॅम सुके सोयाबीन वड्यांचे तुकडे भिजवून केले, तर तेवढीच प्रथिनं मिळतात आणि खर्च कितीतरी कमी.

आता आपल्या तांबड्या-पांढऱ्याबद्दल, कारण ते टाळून कोल्हापुरात आहारावर लिहिता येत नाही. पांढऱ्या रश्श्यात नारळ, तीळ, खसखस. तांबड्यावर तेलाचा तवंग. इंजेक्शन चालू असताना जठर आधीच संथ असतं, त्यात ही चरबी गेली की रात्रभर करपट ढेकर आणि पहाटे उलटी. शिवाय रश्श्यात प्रथिनं नावापुरती, ती तुकड्यांत असतात. म्हणून क्रम उलटा करा: आधी मटणाचे चार-पाच तुकडे, मग अर्धी भाकरी, आणि जागा उरली तर दोन घोट पांढरा. वाटीवर वाटी रस्सा ओरपण्याचे दिवस काही काळ बाजूला ठेवावे लागतील. मिसळीचंही तसंच. खालची मटकी तुमची, कट दुसऱ्याचा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री पेला मारायची सवय असेल तर ती चांगलीच आहे, फक्त धारोष्ण न पिता दूध घरी आणून तापवून प्या.

उपवास हा दुसरा घोळ. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस धरणारी कितीतरी घरं आहेत. साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च. आधीच निम्म्यावर आलेलं खाणं नऊ दिवस साबुदाण्यावर गेलं, तर त्याचा हिशेब चेहऱ्यावर दिसतो. उपवास सोडायला हवा असं नाही, पण त्यात दूध, दही, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिरा यांची भर घाला. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला.

तालीम, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी वजन

रंकाळ्याला फेरी मारणं हृदयासाठी उत्तम. पण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत, त्यांना जोर लावायला लागतो. या गावाला ते शिकवायची गरज नसावी: जोर, बैठका, नाहीतर जिममधली वजनं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाठ, छाती आणि मांड्या या मोठ्या स्नायूंवर भर देऊन. साठीच्या आजीनं खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हेसुद्धा त्यातच येतं.

चेहऱ्याच्या व्यायामांचं काय? गाल फुगवा, ओठ ताणा असे व्हिडिओ ढिगानं आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत यावर एक अभ्यास झाला होता. २७ स्त्रियांनी नाव घातलं, २० आठवडे नेटानं करणाऱ्या १६ च उरल्या, आणि त्यांचे गाल किंचित भरलेले वाटले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे करायचं तर करा, नुकसान नाही. पण त्यासाठी पैसे भरून वर्ग लावू नका.

पाणी कमी पडलंय की चरबी उतरलीय

वजनी गटात बसण्यासाठी कुस्तीआधी वजन तोडणाऱ्या पैलवानाला बघा. वजनकाट्यावर उभा राहताना डोळे खोल, गाल बसलेले. दोन दिवसांनी मैदानात उतरतो तेव्हा चेहरा पुन्हा भरलेला. ते पाणी असतं. इंजेक्शनवर उलट्या-जुलाब होत असतील आणि तहानही लागत नसेल तर तुमचाही चेहरा असाच उतरतो. लघवी गडद पिवळी, जीभ कोरडी, उठताना गरगरणं, आणि त्याबरोबर एक-दोन दिवसांत आत गेलेले डोळे, हे पाण्याचं लक्षण. ताक, नारळपाणी, ओआरएस यांचे थोडे थोडे घोट दिवसभर घेत राहा. मधुमेह्यांनी ओआरएसमधल्या साखरेचा हिशेब धरावा. पाणी पोटात ठरतच नसेल तर दवाखाना गाठा, कारण त्यात मूत्रपिंडावर ताण येतो.

चरबी उतरल्यामुळे झालेला बदल महिन्यांमध्ये दिसतो आणि पाणी पिऊन जात नाही.

कातडी आणि केस

सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं लांबीभर, रोज. स्कार्फ बांधत असाल तरी. रात्री साधं मॉइश्चरायझर. कोलॅजेनसाठी खरोखर काही करणारी क्रीम म्हणजे रेटिनॉइड गटातली; ती त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानं घ्या, आठवड्यात दोन रात्रींपासून सुरू करा, आणि गर्भार असाल तर नाहीच.

मेडिकल दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी "गोरं करणारी" ट्यूब मात्र लांब ठेवा. त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात. आधीच सैल झालेल्या कातडीवर हा प्रयोग परवडणारा नाही. मिसरी, तंबाखू, सिगारेट सोडायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

झपाट्यानं वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळू शकतात. वेगोवीच्या चाचण्यांत ही तक्रार मोठ्या माणसांत ३ टक्क्यांनी केली, औषध नसलेली सुई घेतलेल्यांत १ टक्क्यानं. वेग कमी झाला आणि लोह-प्रथिनं भरून आली की बहुतेकांचे परत येतात.

लोकांना काय सांगायचं

"वाळलास" म्हणणारा माणूस वाईट नसतो. आपल्याकडे भरलेला चेहरा म्हणजे सुखवस्तू, आणि उतरलेला म्हणजे साखर, टीबी नाहीतर घरात काहीतरी बिनसलंय, असं समीकरण पिढ्यान् पिढ्या आहे. "डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवलंय, साखर आता बरोबर हाय" एवढं सांगितलं की बहुतेक जण गप्प होतात आणि निम्मे जण डॉक्टरांचं नाव विचारतात. औषध न घेता, नीट जेवूनही वजन उतरत असेल तर मात्र "वाळलास" म्हणणाऱ्याचं म्हणणं खरं धरा आणि तपासण्या करून घ्या.

चेहऱ्यासाठी घाबरून औषध मध्येच सोडू नका. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीतच दिसलंय. आणि एकदा ताणून सैल झालेली कातडी पुन्हा भरली म्हणून जशीच्या तशी बसेल याची खात्री नाही.

वजन स्थिरावल्यावर

फिलर (गाल भरायला कातडीखाली टोचायचं जेल) किंवा शस्त्रक्रियेचा विचार वजन किमान तीन, बरं म्हणजे सहा महिने एका जागी थांबल्यावरच. उतरत्या वजनात भरलेला गाल दोन महिन्यांनी पुन्हा रिकामा दिसतो. तोवर मधल्या काळात कातडीही थोडीफार आवळून आलेली असते. कित्येकांना तेव्हा फिलरची गरजच वाटत नाही.

हायलुरॉनिक आम्लाचं फिलर साधारण सहा ते अठरा महिने टिकतं, आणि बिघडलंच तर हायलुरॉनिडेज देऊन विरघळवता येतं. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी मला हाच मोठा गुण वाटतो. पॉलिलॅक्टिक आम्लासारखी कोलॅजेन वाढवणारी इंजेक्शनं अनेक बैठकांत देतात, परिणाम हळू येतो, आणि ती विरघळवता येत नाहीत. स्वतःच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी गालात भरता येते. तिचा काही भाग जगतो, काही विरतो, आणि पुढे वजन वाढलं तर ती गालातही वाढते. कातडी फारच लोंबत असेल तर फेसलिफ्टची शस्त्रक्रिया. यंत्रानं कातडी आवळणाऱ्या उपचारांबाबत सावध राहा. खोल उष्णता देणारं यंत्र चुकीच्या थरावर चाललं तर उरलीसुरली चरबीही वितळते.

हे काम एमडी किंवा तत्सम पदवीच्या त्वचारोगतज्ज्ञाचं, नाहीतर एमसीएच प्लास्टिक सर्जनचं. पार्लरचं नव्हे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी बघा. फिलर नसेत शिरलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते, म्हणून "हायलुरॉनिडेज आत्ता दवाखान्यात आहे का?" हा प्रश्न थेट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर चप्पल घालून बाहेर पडा. टोचलेल्या बाटलीचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर इंजेक्शन चालू असल्याचं भूलतज्ज्ञाला आधीच सांगा. जठर हळू रिकामं होत असल्यानं उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

हे "वजनामुळे" म्हणून सोडू नका

पोटात वरच्या बाजूला जोराची, पाठीत जाणारी, न थांबणारी कळ ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप आणि डोळे पिवळे होणं हे पित्तखड्यांचं लक्षण. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांत ते जास्त होतात. नजर अचानक धूसर झाली तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजून श्वास अडकायला लागला तर ती औषधाची ॲलर्जी समजा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

आणि चेहरा एकाच बाजूनं उतरला, हसताना एक कोपरा खाली राहिला, बोलताना जीभ जड झाली किंवा एक हात उचलेना, तर तो अर्धांगवायूचा झटका समजायचा. गाल दोन्ही बाजूंनी, महिन्यांमध्ये बसतात. एका सकाळी, एकाच बाजूला बसत नाहीत. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा.